टक्कल, पोशाख आणि पाहणाऱ्याची खुर्ची : मराठी सांस्कृतिक व्यवहारातील दोन देहांची चिकित्सा

प्रस्तावना

पुरुषाच्या टकलाविषयी बोलताना मराठी माणसाचा आवाज हलका होतो आणि स्त्रीच्या पोशाखाविषयी बोलताना तो चढतो. पहिला विषय केशकर्तनालयात, लग्नाच्या मांडवात, मित्रांच्या बैठकीत रंगतो. दुसरा विधिमंडळात, वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत आणि न्यायालयांत पोहोचतो. या दोहोंचा परस्परांशी काही संबंध असावा असे सकृद्दर्शनी वाटत नाही. तथापि दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच असतो. कोणाचा देह पाहिला जातो, कोण पाहतो आणि त्या देहाने काय झाकावे हे ठरवण्याचा अधिकार कोणाकडे असतो, हा तो प्रश्न होय. पुरुषाच्या देहातील उणीव हास्याचा विषय होते, परंतु त्या हास्याने त्याची पाहणाऱ्याची जागा हलत नाही. स्त्रीचा देह मात्र हास्याचा नव्हे तर नियमनाचा विषय होतो, आणि ते नियमन बहुधा तिच्याच प्रतिष्ठेच्या नावाने केले जाते. प्रस्तुत लेखात साहित्य, लोककला, चित्रपट आणि कायद्याच्या संहिता यांच्या आधारे या भेदाची चिकित्सा केली आहे. विवेचनाचा भूप्रदेश प्रामुख्याने नांदेड-लातूरचा असला तरी विषयाच्या गरजेनुसार त्याबाहेरील दाखलेही घेतले आहेत.

गेलेले केस आणि दिलेले केस

डोक्यावरील केसांचे अर्थ किती परस्परविरुद्ध असू शकतात हे नांदेड शहरात जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच अन्यत्र दिसत असेल. सचखंड श्री हुजूर साहिब हे गुरू गोविंदसिंग यांच्या १७०८ मधील निर्वाणाचे स्थान. तेथे केस न कापणे ही धर्माज्ञा आहे आणि ते दस्तारीखाली सांभाळणे हा धर्माचरणाचाच भाग आहे. त्याच शहरात गोदावरीच्या घाटावर वडिलांच्या दहाव्याला मुलगा क्षौर करून बसतो. एकाचे केस राखणे पवित्र, दुसऱ्याचे केस उतरवणे पवित्र. तिरुपतीला केस देऊन परतलेल्या माणसाचा तुळतुळीत गोटा पाहून शेजारी प्रसाद मागतात, थट्टा करीत नाहीत. म्हणजे केसांचा अभाव ही मुळात हसण्याजोगी गोष्ट नाही. हसू येते ते केस न विचारता निघून गेले तर. दिलेले केस हा त्याग ठरतो, गेलेले केस ही उणीव ठरते.

या उणिवेसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. टकल्या, चकोट, गोटा हे तर नित्याचे. त्याशिवाय चंद्र, आरसा, विमानतळ अशा उपमांची भर गावोगावचे विनोदवीर घालत असतातच. ही परंपरा जुनीही आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात विदूषकाचे जे रूप सांगितले आहे त्यात तो ठेंगणा, पुढे आलेल्या दातांचा, कुबडा आणि टकला असावा असे विधान आहे. टक्कल ही विदूषकाची जणू शास्त्रसंमत वेशभूषाच झाली. (नांदेडचे समीक्षक नरहर कुरुंदकर यांच्या व्यासंगाचा नाट्यशास्त्र हा एक प्रमुख विषय होता, हे येथे जाता जाता नोंदवावयास हरकत नाही.) भर्तृहरीच्या नीतिशतकातील, उन्हाने डोके तापलेला टकला सावलीसाठी झाडाखाली जातो आणि नेमके फळ त्याच्याच डोक्यावर पडते, हा दृष्टान्तही याच जातीचा. सतराव्या शतकात वामनपंडितांनी भर्तृहरीची शतके मराठीत आणली आणि पुढे शाळेच्या फळ्यापर्यंत ती पोहोचली. दैवाचा फेरा सांगण्यासाठी कवीला टकलाच का लागला, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. उत्तर सोपे आहे. टकल्याच्या दुःखाला हसण्याची मुभा श्रोत्याला आधीपासूनच असते.

येथे एक बाब दृष्टीआड होऊ नये. विदूषक हास्यास्पद असतो, पण तो राजाच्या शेजारी बसतो. तमाशातील सोंगाड्याही स्वतःच्या देहाची फजिती करून घेतो आणि त्या बदल्यात पाटलापासून राजापर्यंत कोणालाही टोमणा मारण्याचा परवाना मिळवतो. पुरुषाच्या देहावरील हास्य त्याच्या वाणीला मोकळीक देते. ज्याच्यावर हसले जाते तोच हसवणारा असतो आणि बहुधा शेवटचा शब्दही त्याचाच असतो.

वैद्यकशास्त्राने या विनोदाला एक चमत्कारिक कलाटणी दिली आहे. पुरुषांमधील सर्वसाधारण टकलाचे कारण आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरक हे आहे. नपुंसकांना टक्कल पडत नाही हे निरीक्षण ॲरिस्टॉटलने नोंदवले होते आणि १९४२ मध्ये अमेरिकन शरीरशास्त्रज्ञ जेम्स हॅमिल्टन यांनी त्यामागील संप्रेरकाचा संबंध सिद्ध केला. म्हणजे ज्याला पौरुषाची घट समजले जाते ते प्रत्यक्षात पौरुषाशी निगडित संप्रेरकाचेच कार्य होय. तरीही बाजारपेठ उलट्या समजुतीवर उभी आहे. फिनास्टराइड या औषधाला टकलाच्या उपचारासाठी अमेरिकेत १९९७ मध्ये मान्यता मिळाली. आज नांदेड-लातूरच्या रस्त्यांवरही 'आधी' आणि 'नंतर' अशी जोडछायाचित्रे असलेले केसरोपणाचे फलक दिसतात. या व्यवसायातील अपात्र व्यक्तींचा सुळसुळाट इतका वाढला की, २०२२ मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाला केसरोपण कोणी करावे याविषयी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. विनोदाखाली दबलेली लाज किती खरी आहे याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. मुंडावळ्या बांधण्यापूर्वी जावयाच्या डोक्याकडे पाहून बायका कुजबुजतात तेव्हा ती कुजबुज त्यालाही ऐकू येतच असते.

परंतु या लाजेला एक मर्यादा आहे. टकल्या पुरुषाला टोपी, फेटा, विग, शस्त्रक्रिया, किंवा उरलेसुरले केस उतरवून टाकणे, हे सर्व मार्ग मोकळे असतात आणि त्यांतील कोणता घ्यावयाचा हे तोच ठरवतो. टकलामुळे त्याची नोकरी गेली, त्याला परवाना नाकारला गेला किंवा त्याच्या डोक्यासाठी विधिमंडळाने कायदा केला, असे घडत नाही.

स्त्रीचे केसरहित मस्तक

टक्कल हा शब्द स्त्रीला लावताच विनोद मावळतो. कारण मराठी समाजाच्या स्मृतीत स्त्रीच्या केसरहित मस्तकाचा अर्थ वैधव्य हा आहे. ब्राह्मण आणि तत्सम जातींमध्ये विधवेचे केशवपन ही रूढी एकोणिसाव्या शतकात सर्रास पाळली जात होती. हरि नारायण आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीत यमूच्या इच्छेविरुद्ध होणारे केशवपन हा कथानकाचा सर्वांत असह्य प्रसंग आहे. १८९० पासून 'करमणूक' साप्ताहिकातून ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध होत होती. त्याच वर्षी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत नाभिकांची सभा भरली आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असा निर्धार करण्यात आला. एका बाजूला कादंबरी, दुसऱ्या बाजूला कारागिरांचा नकार. यांपैकी दुसऱ्या घटनेची वाङ्मयेतिहासाने पुरेशी दखल घेतली नाही हे खेदाने म्हणावे लागते. वस्तरा हातात असलेल्याने तो खाली ठेवणे हीदेखील एक समीक्षाच होती.

केशवपनाचा हेतू काय होता? विधवेचा देह कोणाच्या नजरेत भरू नये हा. नजर पुरुषाची आणि वस्तरा स्त्रीच्या डोक्यावर, अशी ही व्यवस्था. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ च्या 'स्त्रीपुरुषतुलना' या निबंधात नेमके याच ठिकाणी बोट ठेवले. पतीच्या मृत्यूनंतर पत्नीने विद्रूप व्हावयाचे, तर पत्नी गेल्यावर पतीने दाढीमिशा उतरवून तोंड लपवून का बसू नये, अशा आशयाचा त्यांचा प्रश्न आहे. त्यातील उपरोध मोठा आहे. पुरुषाच्या मुखावरील केस हे त्याचे भूषण म्हणून त्याच्याच मालकीचे राहतात आणि स्त्रीच्या डोक्यावरील केस हे पतीच्या हयातीशी जोडलेले असतात, ही विषमता त्यांनी एका प्रश्नात उघडी केली.

ताराबाईंच्याच बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यातील काही गावांत डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५ या काळात दोनशेहून अधिक लोकांचे केस अवघ्या काही दिवसांत गळाले. पुरुष, स्त्रिया, मुले, सारेच त्यात होते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकाने पाहणी केली. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी शिधावाटपातील गव्हामधील सेलेनियमच्या अतिरिक्त प्रमाणाकडे लक्ष वेधले. वैद्यकीय बाजू ती तेवढी. सांस्कृतिक बाजू अशी की, काही दिवस 'टक्कल व्हायरस' या थट्टेच्या नावाने बातम्या चालल्या आणि पुरुषांच्या डोक्यांची छायाचित्रे झळकली. मुलींचे शिक्षण खोळंबल्याच्या आणि ठरू घातलेली लग्ने मोडल्याच्या तक्रारी त्या मानाने उशिरा आणि हळू आवाजात पुढे आल्या. एकाच गव्हाने गेलेल्या केसांचा अर्थ घरातील पुरुषासाठी एक आणि बहिणीसाठी दुसरा झाला.

खानावळ, मेस आणि बार

केसांवरून पोशाखाकडे वळताना उपाहारगृह ही जागा विचारात घ्यावी लागते, कारण अन्न वाढणारी स्त्री ही मराठी संस्कृतीतील सर्वाधिक गौरवलेली प्रतिमा आहे. घरात वाढणारी ती अन्नपूर्णा. घराबाहेर वाढणारी मात्र संशयास्पद. लातूरमध्ये शिकवणी वर्गांच्या विस्ताराबरोबर विद्यार्थ्यांसाठी असंख्य मेस उभ्या राहिल्या आणि त्यांतील भाकरी-पोळी बहुतांशी स्त्रियाच करतात. कित्येक कुटुंबे या श्रमावर उभी आहेत. या श्रमाला कोणी नावे ठेवीत नाही, कारण तो भिंतीआड होतो. याच शहरातील परमिट रूममध्ये मात्र टेबलापाशी येणारा वेटर पुरुष असतो. स्वयंपाकघर ते टेबल हे दहा पावलांचे अंतर ओलांडताच त्याच श्रमाचे नैतिक मूल्य बदलते.

पाश्चात्त्य देशांत याच दहा पावलांचा व्यापार झाला. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात १९८३ मध्ये सुरू झालेल्या 'हूटर्स' या उपाहारगृहसाखळीने आखूड चड्डी आणि तंग बनियन हा वाढपी तरुणींचा गणवेशच आपल्या धंद्याचे आकर्षण बनवला. आपल्याला वाढप्याचे काम नाकारले गेले म्हणून काही पुरुषांनी दावा केला तेव्हा १९९७ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरची तडजोड होऊन इतर काही पदे पुरुषांना खुली झाली, परंतु टेबलाजवळची जागा स्त्रियांसाठीच राहिली. म्हणजे विकले जात होते ते केवळ खाद्य नव्हते, हे त्या तडजोडीने अप्रत्यक्षपणे कबूल केले. मार्च २०२५ मध्ये या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या वेशात आला. मुंबई, ठाणे, रायगड या पट्ट्यातील डान्स बारमधील नर्तकी अंगभर घागरा-चोळी किंवा साडी नेसत. हिंदी चित्रपटांतील नायिकेपेक्षा त्यांचे कपडे अधिक झाकलेले असत, या मुद्द्याकडे त्यांची बाजू मांडणाऱ्या वकील फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी वारंवार लक्ष वेधले होते. तरीही 'तोकडे कपडे' हा शब्दप्रयोग त्या काळातील चर्चेत सर्वत्र वावरत होता. यावरून एक महत्त्वाची गोष्ट हाती लागते. उघडेपणा कापडात मोजला जात नाही. तो जागेवर, पैशावर आणि पाहणाऱ्याच्या पतीवर ठरतो.

प्रतिष्ठेची संहिता

तत्कालीन गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या पुढाकाराने २००५ मध्ये मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ मध्ये कलम ३३-अ आणि ३३-ब समाविष्ट करण्यात आले. पहिल्या कलमाने उपाहारगृहे, परमिट रूम आणि बिअर बार यांमधील नृत्यावर बंदी घातली. दुसऱ्याने नाट्यगृहे, क्लब-जिमखाने आणि तीन किंवा त्याहून अधिक तारांकित हॉटेले यांना सूट दिली. ही दोन कलमे साहित्यकृतीप्रमाणे एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर त्यांतील निवेदकाची दृष्टी लपत नाही. कारण म्हणून स्त्रियांची प्रतिष्ठा सांगितली आहे, पण ती प्रतिष्ठा पंचतारांकित दिवाणखान्यात धोक्यात येत नाही आणि बिअर बारमध्ये येते. स्त्री तीच, नृत्यही तेच. बदलतो तो खुर्चीवर बसलेला पुरुष. श्रीमंताची नजर रसिकतेची आणि बाकीच्यांची नजर वासनेची, हे या संहितेचे न लिहिलेले गृहीतक होते.

कायद्याचे समर्थक अप्रामाणिक होते असे म्हणण्याचे कारण नाही. जमिनी विकून आलेला पैसा बारमध्ये उधळणारे तरुण आणि उद्ध्वस्त होणारी कुटुंबे ही वस्तुस्थिती होती. ग्रामीण महाराष्ट्रातील स्त्रियांनी या बंदीचे मनापासून स्वागत केले होते आणि त्या स्वागतामागे घरातील अनुभव होता. परंतु घर बुडवणारा नवरा आणि त्याच्यासमोर नाचणारी स्त्री यांपैकी कायद्याने रोजगार काढून घेतला तो दुसरीचा. न्यायालयीन कामकाजात बारनर्तकींची संख्या सुमारे ७५ हजार सांगितली गेली. श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्राने २००५ मध्ये पाचशे नर्तकींची पाहणी केली होती. या व्यवसायात बेडिया, नट, कंजर यांसारख्या परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतील स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय होते, ही बाब तत्कालीन अभ्यासांतून पुढे आली.

मुंबई उच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००६ रोजी ही बंदी रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. रोगापेक्षा उपाय भयंकर ठरला, अनेक स्त्रिया देहविक्रयाकडे ढकलल्या गेल्या, अशा आशयाचे विवेचन त्या निकालात आहे. त्याआधी डिसेंबर २००७ मध्ये दिल्लीसंबंधीच्या अनुज गर्ग खटल्यात, मद्य दिल्या जाणाऱ्या ठिकाणी स्त्रियांना नोकरीस ठेवण्यास मनाई करणारी पंजाब उत्पादन शुल्क कायद्यातील जुनी तरतूद सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवली होती. स्त्रीला धोका असेल तर तिला संरक्षण पुरवावे, तिचे स्वातंत्र्य काढून घेऊ नये, हा त्या निर्णयाचा गाभा होता. केशवपनाच्या तर्काला न्यायालयाने दिलेले हे उत्तर आहे असे म्हटले तर ते अतिशयोक्त ठरू नये. कारण तर्क तोच होता : नजर एकाची, बंधन दुसरीवर.

माळेगावचा फड

नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात माळेगाव येथे मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, गाढवे, उंट यांच्या बाजाराइतकाच तेथील लावणी महोत्सव प्रसिद्ध आहे आणि त्याचे आयोजन जिल्हा परिषद करते. नऊवारीतील, डोक्यापासून पायापर्यंत सजलेली कलावंतीण शासकीय मंचावर उभी राहते तेव्हा तिला लोककलेची प्रतिनिधी म्हणून हारतुरे मिळतात. हे योग्यच आहे. परंतु हीच कलावंतीण यात्रा संपल्यावर कोणत्या कलाकेंद्रात, कोणत्या खोलीत, कोणाच्या बैठकीपुढे उभी राहते याचा विचार महोत्सवाच्या उद्घाटनपर भाषणांत नसतो. २००५ च्या कायद्यातील सूट आणि माळेगावचा मंच यांच्या पाठीशी एकच धारणा आहे. शासनाने किंवा प्रतिष्ठिताने मांडव घातला तर कला, अन्यथा अश्लीलता.

किशोर शांताबाई काळे यांच्या 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) या आत्मकथनाने या मांडवामागची बाजू दाखवली. मराठवाड्यातील सोनपेठच्या एका प्रतिष्ठित गृहस्थाच्या आधाराने आई राहू लागते. तिचे नाचणे थांबते, पायांतले चाळ सुटतात, पण तिच्या मुलाला त्या घरात हक्काचे स्थान मिळत नाही. या पुस्तकाचे वेगळेपण असे की, येथे पाहणारा हा ग्राहक नाही, मुलगा आहे. आईच्या देहाकडे इतर पुरुष पाहत असताना तो त्या पुरुषांकडे पाहतो. मराठी साहित्यात फडाचे वर्णन पुष्कळ झाले, परंतु बैठकीत बसलेल्या पुरुषांच्या चेहऱ्यांकडे इतक्या निग्रहाने पाहणारी लेखणी विरळा. लेखकाच्या नावाच्या मध्यभागी वडिलांऐवजी आईचे नाव आहे हीदेखील त्या पाहण्याचीच परिणती होय.

आनंद यादव यांच्या 'नटरंग' (१९७८) कादंबरीत, आणि २०१० च्या चित्रपटातही, पैलवान गुणा नाच्या होतो. कमावलेले शरीर उतरवून तो बायकी हावभाव स्वीकारतो आणि तत्क्षणी गावाची नजर बदलते. हा प्रसंग प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने कळीचा आहे. पुरुषाचा देह कुरूप झाला, टकला झाला, ठेंगणा झाला तरी तो पुरुषाचाच राहतो आणि सोंगाड्या म्हणून टाळ्या मिळवतो. तो देह 'पाहिला जाणारा' झाला की मात्र त्याला स्त्रीच्या वाट्याचे सर्व काही सोसावे लागते. अपमानाचे मूळ कुरूपतेत नाही. ते पाहिले जाण्याच्या जागेत आहे. 'नटरंग'ने हे कोणत्याही सिद्धान्ताशिवाय दाखवले. गौतमी पाटील यांच्या कार्यक्रमांवरून २०२२-२३ मध्ये जो वाद झाला त्यातही चर्चा नर्तकीचे कपडे आणि हातवारे यांभोवती फिरत राहिली. छपरांवर आणि झाडांवर चढलेल्या प्रेक्षकांच्या वर्तनाचे विश्लेषण फारसे कोणी केले नाही.

सहानुभूतीचे वाटप

हिंदी चित्रपटाने २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये एकाच आठवड्याच्या अंतराने टकलावर दोन चित्रपट दिले. 'उजडा चमन' हा २०१७ च्या 'ओंदु मोट्टेय कथे' या कन्नड चित्रपटावर आधारित होता आणि अमर कौशिक दिग्दर्शित 'बाला' अधिक गाजला. मराठवाड्यातील प्रेक्षकाने ते आवडीने पाहिले. 'बाला'चा नायक गोरे करणारी क्रीम विकतो, स्वतःचे टक्कल विगखाली लपवतो आणि सुंदर पत्नीची अपेक्षा ठेवतो. चित्रपट त्याला समज देतो, पण पडद्यावरील वेळ, अश्रू आणि अखेरचे भाषण त्यालाच देतो. सावळ्या वर्णाची वकील लतिका ही भूमिका उजळ वर्णाच्या भूमी पेडणेकर यांनी चेहरा काळवंडवून केली, यावर तेव्हा रास्त टीका झाली. पुरुषाच्या उणिवेची कथा सांगताना स्त्रीच्या उणिवेला रंग फासून आणावे लागले, ही त्या चित्रपटाची खरी मर्यादा आहे. त्याच्याशेजारी मधुर भांडारकर यांचा 'चांदनी बार' (२००१) ठेवला तर फरक कळतो. तेथे तब्बूने साकारलेल्या मुमताजला सहानुभूती मिळते ती बळी म्हणून. कामावर येणारी, पगाराचा हिशोब करणारी, ग्राहकाला ओळखणारी कामगार म्हणून ती क्वचितच दिसते. टकल्याला आत्मस्वीकार मिळतो आणि बारबालेला शोकान्त.

२०२२ मध्ये इंग्लंडमधील शेफिल्ड येथील कामगार न्यायाधिकरणापुढे एका कामगाराला वरिष्ठाने टकला म्हणून दिलेल्या शिवीचे प्रकरण आले. टक्कल स्त्रियांपेक्षा पुरुषांत कितीतरी अधिक आढळते, म्हणून असा शब्द हा लिंगाधारित छळ होय, असा निर्णय तेथे झाला. तुलनेसाठी स्त्रीच्या वक्षाविषयी केलेल्या शेऱ्याचे आधीचे प्रकरण विचारात घेतले गेले आणि वरिष्ठ न्यायाधिकरणाने पुढील वर्षी हा निर्णय कायम ठेवला. निकाल देणारे तिघेही पुरुष होते आणि स्वतःच्या विरळ केसांचा त्यांनी उल्लेख केला, हा त्यातील मनोज्ञ भाग. या निर्णयाचे स्वागत करावयास हवे; परंतु त्यातील तुलना पूर्णतः पटणारी नाही. टकल्या कामगाराला शिवी देणारा त्याच्या डोक्याचे पैसे मोजत नव्हता. वक्षाविषयी शेरा ऐकणारी स्त्री जर गणवेशातील वाढपी असेल तर तो शेरा तिच्या नोकरीच्या अटींतच शिवलेला असतो.

'बाला' प्रदर्शित होण्याच्या दहा महिने आधी, १७ जानेवारी २०१९ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राच्या २०१६ च्या कायद्यावर निर्णय दिला. अश्लील नृत्यास प्रतिबंध आणि तेथे काम करणाऱ्या महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण अशी दोन कामे त्या कायद्याने आपल्या नावातच अंगावर घेतली होती. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटर अंतर, नृत्याच्या जागी मद्य देण्यास मनाई, आत कॅमेऱ्यांची सक्ती या अटी न्यायालयाने रद्द केल्या. सायंकाळी सहा ते रात्री साडेअकरा ही वेळ मान्य केली. बक्षिसी देण्यास हरकत नाही, मात्र नोटा उधळता येणार नाहीत, असेही ठरले. स्त्रीच्या कपड्यांवर, नृत्यावर आणि चारित्र्यावर इतकी वर्षे खल झाल्यानंतर नोटा उधळण्याच्या या मनाईत खुर्चीवर बसलेल्या माणसाच्या हाताचा उल्लेख येतो. त्याच्या डोक्यावर केस होते की नव्हते याची नोंद अर्थातच कोठेही नाही.